अमानोचे लार्वा दर वेळी मरतात? आधी सांगा, कितव्या दिवशी

अमानो ही घरच्या काचेच्या टाकीत पाळायची छोटी कोळंबी. तिची मादी पोटाखाली हजार-दीड हजार अंडी घेऊन महिनाभर टाकीत फिरते. एका रात्रीत अंडी फुटतात. सकाळी काचेला टॉर्च लावला की उन्हाच्या तिरिपेत धूळ नाचावी तसे लार्वा, म्हणजे अजून कोळंबीचं रूप न आलेली पिल्लं, उजेडापाशी जमतात. त्यांना वाढवायला खाऱ्या पाण्याच्या बरणीत हलवायचं असतं. आणि आठ-बारा दिवसांत एकही उरत नाही. माझ्या ठाण्याच्या घरी हे सलग चार वेळा झालं. नंतर ओळखीतल्या कितीतरी जणांच्या घरी जाऊन तीच रिकामी बरणी पाहिली. फोनवर बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "ताई, सगळे गेले. कुठलं औषध टाकू?" औषध कुठलंच नको. मी उलट विचारते, कितव्या दिवशी गेले? अर्धं निदान त्या उत्तरातच असतं. म्हणून अंडी फुटल्याची तारीख बरणीवर चिकटपट्टी लावून लिहा, आणि मग पुढचं वाचा.

ज्यांची ही पहिलीच वेळ आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. चेरी कोळंबी (टाकीत पाळतात ती दुसरी एक जात) हिच्या अंड्यातून थेट चिमुकली कोळंबीच बाहेर येते. अमानोचं तसं नाही. जपान आणि तैवानकडच्या ओढ्या-नद्यांत ती राहते, तिचे लार्वा प्रवाहाबरोबर समुद्रात जातात, तिथे नऊ टप्प्यांतून वाढतात, आणि कोळंबीचं रूप आल्यावरच पुन्हा गोड्या पाण्याकडे चढतात. म्हणजे आई गोड्या पाण्यात आणि बाळं खाऱ्या पाण्यात. आपल्याकडे शेततळ्यात वाढवतात त्या मोठ्या गोड्या पाण्याच्या कोळंबीचंही कोडं असंच होतं. तिचे लार्वा प्रयोगशाळेत मरत राहायचे. १९६१ साली मलेशियात शाओ-वेन लिंग यांना कळलं की त्यांना मचूळ पाणी लागतं, आणि तिथून तिची बीजकेंद्रं शक्य झाली. अमानोला मात्र मचूळ पुरत नाही, तिच्या लार्वांना जवळपास समुद्राइतकं खारट लागतं. एका जातीचं माप दुसरीला लावल्यामुळे गेलेल्या बरण्या मी पाहिल्या आहेत.

लक्षणं: कोणत्या दिवशी काय दिसतं

खाऱ्या पाण्यात सोडल्यावर चोवीस तासांत लार्वा पांढरट, दुधी होऊन तळाशी पडले, तर पाण्यात काहीतरी विषारी आहे, मीठ नीट विरघळलेलं नाही किंवा दोन पाण्यांच्या तापमानात मोठा फरक आहे.

चौथ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान हालचाल मंदावली, उजेडाकडे येणं थांबलं आणि मग ते तळाला बसले, तर पाणी पुरेसं खारट नाही.

पाचव्या ते दहाव्या दिवसात रोज निम्मे-निम्मे होत गेले, तर बहुतेक वेळा भूक. अंड्यातून येताना बरोबर आणलेली शिदोरी तोवर संपलेली असते.

दहा दिवसांनंतर रोज पाच-दहा कमी होत असतील, तर तळाची घाण, दाटी किंवा बाष्पीभवनाने हळूहळू चढलेला खारटपणा.

महिना उलटल्यावर, रूप पालटलेली पिल्लं दिसू लागल्यावर मरत असतील, तर गोड्या पाण्यात नेण्याची वेळ किंवा पद्धत चुकली.

आणि दिवस कोणताही असो, रात्री ठणठणीत होते आणि सकाळी सगळे गेले, तर ती एका रात्रीतली घटना आहे: वीज गेली, उकाडा वाढला, अमोनिया झाला किंवा खोलीच्या हवेत काही फवारलं.

खारटपणा आणि भूक या दोघांचे दिवस एकमेकांत मिसळतात, हे मला मान्य आहे. त्यात आधी खारटपणा तपासायचा, कारण ते काम दहा मिनिटांचं आहे. भुकेवरचा इलाज दोन-तीन आठवडे घेतो.

एक पैसाही न लागणाऱ्या तपासण्या

*कोळंबी अमानोच आहे का?* दुकानात अमानो म्हणून वेगवेगळ्या पारदर्शक कोळंब्या मिळतात. अमानोच्या मादीच्या अंगावर खालच्या ओळीत ठिपक्यांऐवजी लांबट, तुटक रेघा असतात, नराला गोल ठिपके. पोटाखालची अंडी अगदी बारीक आणि पुष्कळ असतात. वीस-तीसच मोठी अंडी दिसत असतील तर ती अमानो नव्हे आणि तिच्या पिल्लांना खारं पाणी बहुतेक लागणारच नाही. लांब, बारीक चिमट्यांचे पाय पुढे काढलेली असेल तर ती वेगळ्याच कुळातली. तिचं खारटपणाचं माप वेगळं असतं आणि मोठी झाल्यावर ती टाकीतले छोटे मासेही धरते.

*भिंगातून पोट बघा.* मुलांच्या दप्तरातलं भिंग चालतं. ड्रॉपरने एक लार्वा काचेच्या वाटीत घ्या, खाली पांढरा कागद, बाजूने टॉर्च. लार्वा डोकं खाली, शेपटी वर करून लटकतो आणि मागे मागे सरकतो. ही त्याची निरोगी ढब आहे, घाबरू नका. त्याच्या काचेसारख्या अंगातून आतड्याची रेघ दिसते. ती हिरवी किंवा तपकिरी असेल तर तो खातो आहे. रेघच दिसत नसेल आणि चौथा-पाचवा दिवस उलटला असेल तर तो उपाशी आहे, मग पाणी कितीही हिरवंगार दिसो. या एका तपासणीने जितकं कळतं तितकं कुठल्याही महागड्या किटने कळत नाही, असं माझं मत आहे. रोज तीन लार्वा बघायची सवय ठेवा.

*खोलीत डास मारायचं काय लावता?* हे कुणीच आपणहून सांगत नाही, कारण त्याचा संबंध असेल असं वाटतच नाही. भिंतीतल्या प्लगला लावायचं द्रव, कॉइल, फवारा, या सगळ्यांत पायरेथ्रॉइड वर्गाची कीटकनाशकं असतात. कोळंबी ही कीटकांची लांबची भावंडं, त्यामुळे तिला ती फारच थोड्या प्रमाणात बाधतात. त्यातून एअर पंप खोलीतली हवा ओढून रात्रभर थेट त्या पाण्यात सोडत असतो. माझी तिसरी खेप ऑगस्टमध्ये बाराव्या दिवशी एका रात्रीत गेली. मीठ ठीक, तापमान ठीक, अमोनिया शून्य. पंप उचलून त्याच्या खालच्या जाळीला नाक लावलं तर त्या डासांच्या द्रवाचा गोडसर वास. प्लग आणि पंप यांच्यात हातभर अंतर होतं. पुढच्या खेपेला पंप स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला, नळी लांब केली, बरणीवर काच झाकली आणि त्या खोलीत मच्छरदाणी लावली. पुन्हा तसं झालं नाही. पेस्ट कंट्रोल करायचं असेल तर बरणी दुसऱ्याच्या घरी हलवा आणि निदान आठवडाभर आणू नका.

*पाण्याच्या रेषेवर खूण आहे का?* बरणीवर मार्करने रेघ ओढा. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. मे महिन्यात पंखा चालू असलेल्या खोलीत पाच लिटरच्या बरणीतलं पाणी आठवड्यात बोटभर खाली जातं. कमी झालेलं पाणी भरताना नुसतं गोडं पाणी घालायचं, खारं नाही. "खाऱ्या पाण्याची बरणी आहे म्हणून खारंच पाणी भरत गेलो" असं सांगणारे निदान पाच जण मला भेटलेत. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या बरणीतला खारटपणा चाळीस पीपीटीच्या (हजार भाग पाण्यात मिठाचे किती भाग, ते माप) पुढे गेलेला असतो.

मीठ

इथे मी जरा थांबणार आहे, कारण बहुतेक खेपा इथेच जातात.

घरातलं मीठ चालत नाही, सैंधव चालत नाही, खडेमीठही नाही. आयोडीन हे त्याचं खरं कारण नव्हे. समुद्राच्या पाण्यात सोडियम क्लोराइडबरोबर मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असतं, आणि लार्वा नऊ वेळा कात टाकत वाढतो. कॅल्शियम-मॅग्नेशियमशिवाय नवं कवच धरत नाही. म्हणून समुद्री टाकीसाठी मिळणारं सी सॉल्टच घ्या. लिटरला साधारण ३३ ते ३५ ग्रॅम लागतं, पण वजनावर विश्वास ठेवू नका. पावसाळ्यात उघडी पिशवी ओल धरते, मग तेवढ्याच वजनात मीठ कमी आणि पाणी जास्त. मोजायचं ते तयार पाणी.

मी ३२ पीपीटी धरते, हायड्रोमीटरवर (पाण्याच्या घनतेवरून खारटपणा दाखवणारं मापक) सुमारे १.०२४. तीस ते पस्तीसच्या मध्ये कुठेही असलात तरी चालेल. पण सतरा-अठराला ठेवून "निम्मं समुद्रासारखं" म्हणू नका. त्यात ते काही दिवस जगतात आणि नेमकं त्यामुळेच चूक लक्षात येत नाही.

मापक खोटं बोलत नाही ना, हे बघा. प्लास्टिकच्या डब्यातल्या झुलत्या काट्याच्या हायड्रोमीटरमध्ये काट्याला हवेचा एक बुडबुडा चिकटला तरी काटा वर उचलला जातो, आणि कमी खारट पाणी पुरेसं खारट भासतं. तो दोन-तीनदा टिचकी मारून झटका. रिफ्रॅक्टोमीटर (थेंबभर पाण्यातून उजेड किती वळतो त्यावरून खारटपणा दाखवणारं मापक) असेल तर नुसता आरओच्या पाण्यावर शून्य करणं पुरेसं नाही, कारण शून्याला बरोबर असलेला पस्तिशीला चुकू शकतो. घरच्या घरी ताडण्याची युक्ती अशी: नवं पाकीट फोडून कोरडं बारीक मीठ ३६.५ ग्रॅम घ्या, त्यात शुद्ध पाणी ९६३.५ ग्रॅम घाला, पूर्ण विरघळू द्या. या द्रावणाला रिफ्रॅक्टोमीटरने ३५ दाखवायला हवं. नसेल तर स्क्रू फिरवून ३५ वर आणा. सोनं तोलायचा छोटा डिजिटल काटा असला तर उत्तम, नसला तर वाण्याकडे तोलून घ्या. हे द्रावण फक्त मापक ताडायला, लार्वांना नाही.

मीठ घातल्यावर पाणी चोवीस तास हवेवर चालू द्या. तळाशी न विरघळलेले दाणे असताना लार्वा सोडले तर तळापाशी खारटपणा भलताच असतो.

कोकणातून खरं समुद्राचं पाणी आणायचं असेल तर आणा, माझ्या पहिल्या यशस्वी खेपेला तेच होतं. मामांनी मालवणहून वीस लिटरचे दोन कॅन पाठवले होते. त्याआधी जुलैत आलेलं पाणी मात्र मोजलं तर अठरा भरलं. फोन केला तर मामा म्हणाले, "अगं, पावसात खाडीच्या तोंडाशी भरलं मी, तिथे तेव्हा नदीच असते." पाणी भरायचं ते पावसाळा सोडून, खाडी, जेटी आणि वस्तीपासून दूर, भरतीच्या वेळी. आणल्यावर दोन पदरी मलमलीतून गाळा, दोन आठवडे झाकून अंधारात ठेवा, मग वरचं वापरा. त्यात दुसऱ्या जिवांचे लार्वा येतात आणि त्यातले काही आपल्या लार्वांना खातात.

आणि घाई किती? अंडी फुटल्यापासून पहिल्या दोन-तीन दिवसांत लार्वा खाऱ्या पाण्यात गेले पाहिजेत. रात्री टाकीच्या एका कोपऱ्यात टॉर्च लावा, जमलेले लार्वा एअरलाइन नळीने (एअर पंपाची बारीक नळी) ओढून घ्या. बरोबर आलेलं गोडं पाणी कमीत कमी राहू द्या, नाहीतर बरणीतला खारटपणा त्यानेच उतरतो.

पाणी कुठून येतं?

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि बहुतेकांना ते माहीत असतं. दोन गोष्टी माहीत नसतात. एक, टाकी धुतल्यावर सोसायटीत किंवा गावच्या विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतात, त्या दिवशी क्लोरीन रोजच्यापेक्षा कितीतरी जास्त असतं. दुसरी, डेंग्यूच्या दिवसांत साठवलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या मरण्यासाठी आरोग्य कर्मचारी टेमीफॉस टाकतात. माणसांसाठी ते काम हवंच आणि ते करू द्या. पण जे डासाची अळी मारतं ते कोळंबीच्या लार्वालाही सोडत नाही, आणि क्लोरीनसारखं ते रात्रभर उघडं ठेवून उडून जात नाही. वॉचमनला विचारा, टाकीत शेवटचं काय आणि कधी टाकलं. शंका असेल तर आरओचं पाणी वापरा. पाच लिटरची तर गोष्ट आहे, आणि मिठातून लागणारी सगळी खनिजं मिळतातच.

गीझरमधून आलेलं कोमट पाणीही नको. काही गीझरमध्ये आणि नळांत तांबं असतं आणि तांबं कोळंबीला विष आहे. माशांच्या टाकीच्या औषधासाठी वापरलेली बादली किंवा मगा लार्वांसाठी कधीच वापरू नका, माशांच्या कितीतरी औषधांत तांबं असतं.

उकाडा, हवा, वीज

२३ ते २६ अंश उत्तम. २८ पर्यंत माझ्याकडे निभावलं, तीसच्या पुढे नाही. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो, आणि खाऱ्या पाण्यात मुळातच तो कमी असतो: २५ अंशाला गोड्या पाण्यात लिटरला सव्वाआठ मिलिग्रॅम, समुद्राच्या पाण्यात पावणेसात. म्हणून वीज गेल्यावर शेजारची गोड्या पाण्याची टाकी तग धरते आणि ही बरणी नाही. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप मिळतो, तो घेऊनच ठेवा.

बरणी पाण्याने भरलेल्या मोठ्या टबात ठेवली की तापमान सावकाश चढतं-उतरतं. दुपारी टबात बर्फाच्या पाण्याची बंद बाटली ठेवा. बर्फ थेट बरणीत नको, खारटपणा उतरतो. एप्रिल-मे मध्ये ज्यांच्या घरी दुपारी ३६ अंश होतं त्यांना मी सरळ सांगते: या खेपेचे लार्वा घेऊ नका. मादी पावसात आणि थंडीत पुन्हा अंड्यांवर येईल.

एअर स्टोन काढून टाका. बारीक फेस लार्वांना चिकटतो आणि पृष्ठभागावर नेऊन वाळवतो. नुसती नळी, सेकंदाला एक-दोन मोठे बुडबुडे. फिल्टरही नको. अगदी स्पंजचाही नको, कारण तो खाणं गाळून टाकतो.

भूक

हे सगळ्यात जास्त मेहनतीचं, म्हणून शेवटाकडे ठेवलं. पण वरच्या तपासण्या पार झाल्या आणि लार्वा पाच ते दहा दिवसांतच जात असतील तर दुसरं काही शोधू नका.

लार्वा अन्नाच्या मागे धावत नाही. तरंगताना समोर जे येईल ते धरतो. म्हणून अन्न पाण्यात सगळीकडे, सतत आणि तरंगतं हवं. यीस्ट, अंड्याचा बलक, दुधाची पावडर, हे सगळं तळाशी बसतं आणि सकाळपर्यंत पाणी दुधी करून ठेवतं. बलक घातलेल्या बरणीचा वास एकदा घेतला की तो विसरत नाही. जिवंत शेवाळाचा फायदा असा की न खाल्लेलं शेवाळ मरत नाही, उजेडात उलट अमोनिया शोषून घेतं. त्यासाठी बरणीवर चोवीस तास मंद दिवा ठेवा. अंधारात तेच शेवाळ ऑक्सिजन खातं.

नॅनोक्लोरोप्सिस हे शेवाळ सहज मिळतं आणि सहज वाढतं, पण त्याची पेशी दोन-तीन मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). टेट्रासेल्मिस हे दुसरं शेवाळ दहाच्या आसपास, आणि स्वतः पोहतं. माझ्याकडे नुसत्या नॅनोवर पोटं रिकामी दिसायची. दोन्ही मिसळल्यापासून चौथ्या-पाचव्या दिवशीच भिंगातून हिरवी रेघ दिसू लागली. मी मिश्रणच द्यायला सांगते.

वाढवायचं असं. मादीच्या पोटाखाली अंडी दिसली त्याच दिवशी सुरुवात करा, तुमच्या हातात साधारण चार आठवडे आहेत. कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या बाटल्या, उकळून गार केलेलं तीस पीपीटीचं खारं पाणी, शेवाळासाठी मिळणारं एफ-टू खत पाकिटावरच्या मापात, हवेची नळी, आणि हातभर अंतरावर साधी एलईडी ट्यूब दिवसाला सोळा तास. आठवड्याभरात बाटली गर्द हिरवी झाली की निम्मी काढून नव्या पाण्याने भरा. बाटल्या नेहमी दोन खोल्यांत दोन ठेवा. एकच बाटली ठेवली आणि ती नेमकी सातव्या दिवशी पिवळी पडून तळाशी बसली, असं झालं तर लार्वा वाचवायला वेळ मिळत नाही. पिवळी किंवा तपकिरी, कुबट वासाची बाटली लार्वांना कधीच देऊ नका.

द्यायचं किती? बरणीचा रंग कैरीच्या पातळ पन्ह्यासारखा फिकट हिरवा हवा. मी बरणीमागे वर्तमानपत्र धरते. मोठं शीर्षक वाचता यावं, खालचा बारीक मजकूर येऊ नये. सकाळी वाचता आला तर शेवाळ घालायचं, येत नसेल तर थांबायचं. पहिल्या दिवशी घालायची घाई नको, पोटातली शिदोरी आहे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून मात्र समोर अन्न असलंच पाहिजे.

शेवाळ कोसळलंच तर तात्पुरता उपाय म्हणून अगदी बारीक स्पिरुलिना पावडर मलमलीतून चाळून, मोहरीच्या दाण्याएवढी, पाण्यात खळबळून दिवसातून तीनदा द्या. दोन-चार दिवस निभावतं.

घाण, दाटी, अमोनिया

लिटरला वीस-तीस लार्वा. पाच लिटरच्या बरणीत हजार सोडले तर शंभरही उरत नाहीत. आणि दीडशे सोडले तर मला साठ-सत्तर मिळाले आहेत. बाकीच्यांसाठी दुसरी बरणी करा किंवा ते टाकीतल्या माशांना खाऊ द्या. हे सांगताना मलाही वाईट वाटतं.

तळाची तपकिरी साय एक दिवसाआड एअरलाइन नळीने ओढून पांढऱ्या वाटीत घ्या, म्हणजे चुकून आलेले लार्वा दिसतात आणि परत सोडता येतात. जेवढं पाणी काढलं तेवढंच त्याच खारटपणाचं आणि त्याच तापमानाचं घाला. अमोनियाचं किट शून्याच्या पुढे रंग दाखवू लागलं की त्याच दिवशी पाणी बदला. गोड्या टाकीत पीएच ७ ला अमोनियाचा विषारी हिस्सा एक टक्काही नसतो. खाऱ्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास असतो आणि तिथे तो दहा पटींहून जास्त होतो. त्यामुळे किटवरचा जो रंग माशांच्या टाकीत तुम्ही चालवून घेता, तो इथे घेऊ नका.

शेवटच्या टप्प्यातले मृत्यू

तीस ते साठ दिवसांच्या मध्ये एक दिवस डोकं खाली करून लटकणाऱ्यांत एखादा वेगळा दिसतो: आडवा, पुढे पोहणारा, काचेला पायांनी धरून बसणारा. तो आता लार्वा नाही. त्याला काही दिवसांत गोडं पाणी हवं. चमच्याने उचला, वाटीत घ्या, दर दहा मिनिटांनी चमचाभर गोडं पाणी घालत दोनेक तासांत पूर्ण गोड्यावर आणा आणि मासे नसलेल्या, शेवाळ धरलेल्या टाकीत सोडा. सगळे एकाच दिवशी पालटत नाहीत, दोन-तीन आठवडे लागतात. एक पालटला म्हणून अख्खी बरणी गोडी केली तर बाकीचे सगळे मरतात. ही चूक पन्नासाव्या दिवशी झालेली पाहिली आहे आणि तेव्हा समोरच्याला काय बोलावं ते मला सुचलं नव्हतं.

इथे स्वतःचे प्रयोग थांबवा

रात्री दिवे बंद केल्यावर लार्वा किंवा मेलेल्यांचा थर निळसर-हिरवट चमकत असेल तर ते चमकणारे व्हिब्रिओ जिवाणू असू शकतात. कोळंबीच्या बीजकेंद्रांनाही ते जड जातात. ती खेप वाचवायला जाऊ नका. हातमोजे घाला, बरणीत ब्लीच टाकून दिवसभर ठेवा, मग संडासात ओता. नळ्या, ड्रॉपर, वाटी सगळं निर्जंतुक करून कडक उन्हात वाळवा. हाताला जखम असेल तर त्या पाण्यात हात अजिबात घालू नका. आणि अँटिबायोटिक, मग ते औषधाच्या दुकानातलं असो की कुणी पुडीत दिलेलं, टाकू नका. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरानवर मत्स्यशेतीत बंदी आहे ती विनाकारण नाही.

बरणीतल्या पाण्याला हात लावताना झिणझिण्या आल्या तर मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. खारं पाणी वीज फार सहज वाहून नेतं. पंप नेहमी पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा, वायरला खाली झोळ द्या म्हणजे थेंब प्लगपर्यंत पोचणार नाहीत, आणि त्या सर्किटवर आरसीसीबी (वीज गळू लागताच ती तोडणारा स्विच) बसवून घ्या.

मीठ ताडलेलं, पाणी आरओचं, हवा स्वच्छ, पोटात हिरवी रेघ, अमोनिया शून्य, आणि तरीही सलग तीन खेपा त्याच दिवसांत गेल्या, तर चौथी सुरू करू नका. जाणकाराला दाखवा. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे, नागपूर आणि उदगीरलाही मत्स्य महाविद्यालयं आहेत. आधी फोन करून नमुना कसा आणायचा ते विचारा. मेलेले लार्वा तासाभरात कुजू लागतात, त्यामुळे शक्य तर मरणाला टेकलेले पण जिवंत लार्वा त्याच पाण्यात न्या. सोबत लिटरभर बरणीचं पाणी, लिटरभर मूळ गोडं पाणी, मिठाच्या पाकिटावरचा तपशील, आणि तारखांची नोंद: अंडी कधी फुटली, खाऱ्यात कधी नेले, पहिलं अन्न कधी दिलं, पहिला मृत्यू कधी, आणि रोजचा खारटपणा व सकाळ-दुपारचं तापमान.